वाघाच्या पाटीचा परवाना

वैशाख शुद्ध ११, शके १८४९. जव्हार.

आज माझ्या घरात, पंचांच्या डोळ्यांदेखत, मंगळू भोये याने माझा चहा भुईवर ओतला. हे लिहून ठेवतो. पुढे कधी मन नरम पडलंच तर वाचायला उपयोगी पडेल.

माझ्या मुलीला, भागीला, मागणी घालायला मोखाड्याहून मंडळी आली होती. मंगळू, त्याचा मुलगा येसू आणि पंच. आमच्या लोकांत सोयरीक पक्की होते ती दारूवर. मुलीच्या बापाने द्यायची, मुलाच्या बापाने घ्यायची. पण मी दरबारच्या रस्ते कचेरीत कारकून आहे. दारू कधीच सोडली. आमच्यातला पहिला कारकून मी, तर चहावर ठरलेली पहिली सोयरीकही माझ्याच घरची असावी, असं माझ्या मनात होतं. ठाण्याहून आणवलेल्या कपबशा काढल्या. माझ्या बायकोने, सुकीने, आलं-गूळ घालून चहा केला. मंगळूने बशी हातात घेतली, इकडेतिकडे पाहिलं, त्यात दोन बोटं बुडवली, तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळी बशी सारवलेल्या भुईवर टाकली. बशी फुटली. पंच पोट धरधरून हसले.

मी उभा राहिलो. म्हटलं, "सोयरीक मोडली. उठा." मंगळू काहीतरी पुटपुटत बोटं चोखत उठला. बोटं चोखत! माझ्या अंगाची लाही लाही झाली. भागी दाराआडून पाहत होती. ती येसूकडे पाहत होती की माझ्याकडे, ते दिसलं नाही.

मंगळू, तुला पाण्यात पाहीन.

वैशाख वद्य २

भागी त्या दिवसापासून बोलत नाही. बापाचा अपमान तिलाही लागला असणार. समजूतदार पोर आहे. मी तिला म्हटलं, "तुझ्यासाठी याच्याहून चांगला बघतो." ती उठून पाण्याला गेली. हंडा भरलेलाच होता.

ज्येष्ठ वद्य ६

आमचा शिपाई लहान्या मोखाड्याच्या बाजाराहून बातमी घेऊन आला. मंगळूने मुंबईच्या कुठल्याशा कंपनीच्या चहाची एजन्सी घेतली आहे. 'डरकाळी छाप चहा'. बाजारात चूल मांडून बसतो आणि येईल त्याला फुकट पाजतो.

म्हणजे हा माझ्या जखमेवर मीठच चोळतो आहे. ज्याने माझा चहा भुईवर टाकला, तोच आता चहा विकणार.

आषाढ शुद्ध ९

देव आहे. मंगळू आज माझ्या टेबलापुढे उभा होता.

त्याला जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर चहाची पाटी लावायची आहे. पत्र्याची पाटी आहे, दोन माणसं आडवी झोपतील एवढी. वर चित्र आहे: वाघ मागच्या पायांवर उभा, पुढच्या पंज्यात कपबशी. रस्ता संस्थानच्या हद्दीत, म्हणून दरबारची परवानगी हवी. आणि रस्त्याचे कागद माझ्याकडे.

मी वर न बघता विचारलं, "काय काम?"

"भाऊ, पाटीचा त हायेच. पन त्या दिशीचा सांगाया आलां. आपली रीत नाय का, पेयाच्या आंगुदर वाडवडलांना दोन थेंब शितडायचे. तसा शितडाया गेलां, त त्यो चहा एवढा कढत रं, बोटां..."

"कचेरीत कामाचं बोलायचं. जे सांगायचं असेल ते अर्जात लिहून द्या."

"मना लिवता कां येतां?"

"मग लिहून घ्या कुणाकडून."

तो गेला. रीत सांगतो मला! बोटं भाजली असतील तर दवाखान्यात जावं.

आषाढ वद्य १

कारभारीसाहेबांना सुचवलं, की उद्या साबणवाले येतील, परवा विडीवाले, सगळा रस्ता पाट्यांनी भरून जाईल, नियम हवेत. साहेब पुण्याकडचे, नियम म्हटलं की खूश. म्हणाले, "उत्तम. तुम्हीच मसुदा करा."

इतक्या आनंदाने मी आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. पाटी दरबारच्या झाडाला ठोकू नये. पाटीची सावली रस्त्यावर पडू नये. पाटीचा खांब सागाचा नसावा, आणि सागाखेरीज दुसऱ्या लाकडाचाही नसावा, असं लिहिणार होतो, पण ते साहेबांच्या लक्षात आलं असतं. मग लिहिलं, "गुरे बिचकतील असे चित्र नसावे." ते वाक्य मी मोठ्याने वाचलं. घरात जेवताना पुन्हा वाचून दाखवलं. सुकीने आमटी वाढली आणि म्हणाली, "मान्साचा काय? मानूस बिचकला त चालतां का?" तिला कायद्यातलं काही कळत नाही.

श्रावण शुद्ध ४

मंगळू पुन्हा आला. भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन. सावलीच्या नियमावर अर्ज परत केला. या दिवसांत सूर्यच नाही, तर सावली कुठे पडते हे तो सिद्ध करणार कसा? मी म्हटलं, "ऊन पडलं की या."

तो हसला. म्हणाला, "भाऊ, आता मना चहा पिता येतो. फुंकून पितां."

निर्लज्ज. मी म्हटलं, "अरे, जरा पलीकडे इंग्रजी हद्द आहे. मोखाडा इंग्रजांचा, तू राहतोस तिथे, तिथे लाव पाटी. परवाना लागत नाही, काही नाही. इथेच कशाला हेलपाटे घालतोस?"

"तथं लावली त तुझ्याकं कसा येऊं?"

म्हणजे मला डिवचायलाच येतो, हे त्याच्याच तोंडून ऐकलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा भागी म्हणाली, "आबा, त्यांना एकदा बसा तरी म्हणायचं." एवढीशी पोर मला शिकवते.

श्रावण वद्य ११

नवा अर्ज. अक्षर येसूचं आहे. वळणदार आहे, हे मान्य करावं लागेल. परत केला. समासच सोडला नव्हता.

भाद्रपद शुद्ध १४

आज जव्हारभर हसं झालं. माझं.

मंगळूने थेट कारभारीसाहेबांकडे दाद मागितली. साहेब म्हणाले, "गुरे बिचकतात की नाही ते पाहूनच ठरवू." पाटी कचेरीमागच्या माळावर उभी केली. लहान्याने गावातल्या म्हशी आणल्या. अर्धा गाव जमला. मी साहेबांच्या शेजारी उभा, हातात टाचण. म्हशींनी वाघाकडे बघितलंसुद्धा नाही. एक तर सरळ गेली आणि खांबाला पाठ घासू लागली, डोळे मिटून.

साहेब म्हणाले, "म्हशीची हरकत दिसत नाही."

मंगळू हसला नाही, हे मात्र खरं. उलट लोक हसायला लागले तेव्हा त्यांच्यावरच ओरडला, "काय हसतां? कारकूनदादा दरबारचा काम करतंय!" हा नवा डाव असणार. वरून साखर पेरायची. मी ओळखून आहे. येसूही आला होता. तो पाटीकडे न बघता आमच्या घराच्या बाजूला बघत होता. चोरासारखा.

आश्विन शुद्ध ८

सुचलं! आंघोळ करता करता सुचलं आणि ओल्या अंगानेच बाहेर आलो.

मोखाड्याच्या वाटेवर, आमच्या लोकांच्या एका पाड्याच्या खालच्या वळणावर वाघदेव आहे. सागाची जुनी फळी, तिच्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले. आमचे गुराखी त्याला मानतात. तिथे कुणी गवताची काडीसुद्धा तोडत नाही, मग खांब पुरणं तर लांबच. मंगळूला मी तिथलीच जागा देणार! अगदी देवाच्या शेजारी. वर अट घालणार: गावाने हरकत घेतल्यास पाटी जप्त. आता वाघबारस तोंडावर आली. त्या दिवशी सगळा पाडा पूजेला उतरेल, आणि देवाच्या मांडीला मांडी लावून बसलेला हा चहा पिणारा वाघ पाहील. मग पाटीचं काय होतं ते दरबारला करावं लागणार नाही, लोकच करतील. आणि मंगळूचंही.

परवाना लिहिला. सही घेतली. आज माझं अक्षरही येसूच्या वरचं आलं आहे.

आश्विन शुद्ध १२

मंगळूला परवाना दिला. जागा वाचून दाखवली तेव्हा त्याचा चेहरा पडला. "देवाच्या बाजूस? भाऊ, तथं नको."

"जागा हीच. नाहीतर परवाना नाही."

त्याने कागद हातात घेतला. म्हणाला, "तू दिला त घेतां." आणि कागद कपाळाला लावला. ढोंगी.

आश्विन वद्य १२. वाघबारस.

मुद्दाम रजा काढून गेलो. भागीही बरोबर आली. तिची मावशी बाळी त्याच पाड्यावर राहते. मी जरा वर, बांधावर बसलो, सगळं नीट दिसावं म्हणून.

लोक जमले. पाटीपाशी थांबले. कुजबूज सुरू झाली. मंगळू आणि येसू एका बाजूला, गुन्हेगार उभे असतात तसे. पाड्याचा माघ्या भगत पुढे झाला. म्हातारा पाटीच्या अगदी जवळ गेला आणि पत्र्यावरून हात फिरवला. मग जुन्या फळीवरून हात फिरवला. ती पावसापाण्याने इतकी झिजली आहे की वाघ कुठला आणि चंद्र कुठला, सांगावं लागतं.

माघ्या वळून म्हणाला, "आपला देव म्हातारा झालता. दरबारान नवा धाडलाय. दरबारचा कागद हाय याला."

आणि शेंदराची वाटी उचलून त्याने वाघाच्या कपाळाला बोट लावलं.

मग काय विचारता! नारळ फुटले, कोंबडी झाली, गुराख्यांनी वाघ-कोल्ह्याचा खेळ केला. एका म्हातारीने विचारलं, "त्याच्या हातात काय हाय?" मंगळू हळूच म्हणाला, "चहा." माघ्या म्हणाला, "मंग त्याला चहाच दाखवा." तिथल्या तिथे चूल पेटली. मंगळूने चहा केला, देवाला दाखवला आणि सगळ्या पाड्याला वाटला. भागी बायकांना चहाचे द्रोण देत होती. त्याच्या चुलीवरचे!

मी न पिता घरी आलो. जीव जळतो आहे. मी स्वतःच्या हाताने त्याच्या पाटीचा देव केला.

कार्तिक शुद्ध ७

भागी मावशीकडे भातकापणीला गेली. तिथे माणसं कमी आहेत म्हणे. सुकीनेच पाठवली. मला विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं, पण विचारलं नाही.

कार्तिक वद्य ३

पुन्हा देव आहे, असं म्हणायला हरकत नाही. चहा कंपनीचा मुंबईचा माणूस पाहणीला आला. पाटीवर शेंदराचे थर, कंपनीचं नाव दिसत नाही, खाली कोंबडीची पिसं. तो भडकला. मंगळूला म्हणाला, "पाटी काढून धुऊन दुसरीकडे लाव, नाहीतर एजन्सी गेली." मंगळू पाटी हलवायची परवानगी मागायला आला.

मी विचारलं, "मोखाड्यात तुझ्या चहाचं कसं चाललंय?"

"त्याच्यावरच घर चालतां, भाऊ."

एवढंच ऐकायचं होतं. दिवसभर बसून हुकूम लिहिला. "सदर वस्तूची ग्रामस्थांनी रीतसर पूजा केली असून ती आता पाटी राहिलेली नाही. सदर वस्तू हा देव असून देवावर अर्जदाराचा अगर कंपनीचा कोणताही हक्क नाही. तो हलवू नये, झाकू नये, धुऊ नये." कारभारीसाहेबांनी दोनदा वाचला. म्हणाले, "देव आहे अशी तुमची खात्री आहे?"

"पूर्ण खात्री, साहेब. पाड्याला विचारा."

त्यांनी सही केली, मोहोर उमटवली. मंगळूची एजन्सी गेली. चूल विझली. मी येताना पेढे घेतले.

मार्गशीर्ष शुद्ध ५

भागी परत आली. तोंडावर तेज आलं आहे, शेतातली हवा मानवली. आज जेवताना तिने विचारलं, "आबा, तो हुकूम पक्का ना? कारभारीसाहेबांची सही झाली म्हणजे तो देव आता कायमचा?"

मी म्हटलं, "माझ्या हाताचा हुकूम आहे. ब्रह्मदेव आला तरी फिरणार नाही."

"म्हणजे कुणी नंतर म्हणालं की तो देव नाही, पाटी आहे, तर?"

"तर ते खोटं."

घरात एक तरी माणूस माझ्या कामाची विचारपूस करतं, याचं बरं वाटलं. सुकी चुलीकडे तोंड करून हसत होती. तिला काय झालं होतं कोण जाणे.

पौष वद्य १०

मंगळू आता मोखाड्यात लाकडं तोडायला जातो, असं लहान्या सांगतो. ऐकून जेवढं गोड वाटायला हवं होतं, तेवढं वाटलं नाही. पुन्हा सांगायला लावलं. तरी तेवढंच. भागी परत मावशीकडे गेली आहे. मावशीचं अंग दुखतं म्हणे.

माघ शुद्ध ५

हेही लिहून ठेवतो.

भागीचं लग्न झालं. काल. येसूशी. वळणावरच्या वाघासमोर. लग्न लावणाऱ्या धवलेरीने गाणी म्हटली, माघ्या भगताने तांदूळ टाकले, सगळा पाडा हजर. पंचही होते, तेच ते दात काढणारे! लहान्या सांगत आला तेव्हा त्याच्या अंगाला हळदीचा वास येत होता. तोही जेवून आला होता. सुकीला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "मीच हळद दळली."

तसाच कारभारीसाहेबांकडे गेलो. म्हटलं, बापाच्या संमतीशिवाय, मांडव नाही, कुळाचा देव नाही, एका चहाच्या पाटीसमोर लग्न! हे लग्न नव्हेच. ते रद्द ठरवा, आणि मंगळू भोयेवर मुलगी फूस लावून नेल्याचा खटला भरा.

साहेबांनी चष्मा पुसला. "मुलगी जाणती आहे. लग्न तुमच्या लोकांच्या रीतीने, देवापुढे, पंचांसमोर झालं असेल तर दरबार त्यात पडत नाही. प्रश्न इतकाच, की तो देव आहे की पाटी. तुमचा हुकूम सांगतो, देव. तुम्हाला तो हुकूम चुकीचा वाटत असेल तर तसं एका ओळीत लिहून द्या. चूक मी पोटात घालीन. हुकूम रद्द, लग्न रद्द, मंगळूवर खटला. परवा उत्तर द्या."

एक शब्द. 'पाटी' एवढा एक शब्द लिहायचा, आणि मंगळूला दोन्ही मुलखांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही. वैशाखापासून मी ज्याची वाट पाहतो आहे ते आयतं हातात आलं आहे.

सुकीला सांगितलं. ती म्हणाली, "लिवा पाटी. मंग भागी परत येल. तिला कोन्या तोंडानं घरात घ्यायची, ता बी लिवा. आन त्या बशीचा आता तरी ऐका. त्यानं वाडवडलांच्या नावानं थेंब शितडला, बोटां भाजली, बशी सुटली. पंच हसलं ते त्याला. घरात समद्यांना कळला. तुमाला तेवढा नाय कळला."

मी म्हटलं, "मग त्याने तसं सांगायचं होतं."

ती उठून चुलीकडे गेली.

माघ शुद्ध ६

वळणावर जाऊन आलो. मनात होतं की त्या पत्र्यावरचा शेंदूर खरवडून कंपनीचं नाव मोकळं करायचं, म्हणजे उत्तर लिहायला सोपं जाईल.

भागी तिथे होती. हिरव्या बांगड्या, नवं लुगडं, हातात हंडा. माझी चाहूल लागली तेव्हा पळाली नाही. हंडा खाली ठेवला.

मी म्हटलं, "मला फसवलंस."

"नाही आबा. तुम्ही म्हणालात ब्रह्मदेव आला तरी हुकूम फिरणार नाही. सासरे म्हणत होते, कारकूनदादा हो म्हणेपर्यंत थांबू. मीच म्हटलं, आबांनी लिहून दिलंय. पंच नको नको म्हणत होते, त्यांनाही मीच सांगितलं. माझ्या बापाचा शब्द आहे, म्हटलं. त्याच्यावर उभी राहिले. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं, असं आता लिहिणार होतो, पण ही वही मी खोटं लिहायला ठेवलेली नाही. मी पाटीकडे बघितलं. शेंदराच्या थराखाली वाघ ओळखूसुद्धा येत नव्हता. खरवडायला हात उचलला नाही. भागीने विचारलं, "पाणी घ्याल?" मी प्यालो आणि परत आलो.

माघ शुद्ध ७

कचेरीत गेल्या गेल्या उत्तर लिहिलं. एक ओळ. 'पाटी' हा शब्द लिहायला टाक शाईत बुडवला होता, हे खरं आहे. मंगळू बोटं चोखत उठला तो क्षण डोळ्यांपुढे आणला, मुद्दाम आणला. त्याच्यामागे भागीचा हंडाच येत राहिला.

साहेबांनी कागद वाचला. "देव?"

"देव."

"खात्री आहे?"

"आहे साहेब. माझी मुलगी त्याच्यासमोर उभी राहिली होती."

साहेबांनी कागद बाजूला ठेवला आणि दुसरं काम काढलं.

मंगळूला मी सोडलेला नाही. माझ्या मुलीचं लग्न मला न बोलावता केलं, हे मी मेल्यावरही विसरणार नाही. पण आता तो व्याही झाला. दर सणाला त्याच्या घरी जाईन, त्याच्याच हातून पायांवर पाणी घेईन, उंबऱ्यात उभा राहून मानपान मागीन आणि नातवंडांना त्याच्या देखत सांगेन, की तुमचा हा आजोबा असा आहे. जन्मभर सापडला आहे. आता घाई नाही.